काय हा अवतार! डीपी आणि फोटोंसाठी सॉफ्टवेअर निवडताना

सोलापुरात चादरीची नक्षी पूर्वी ग्राफ पेपरवर काढली जात असे आणि माझ्या वडिलांचे सारे आयुष्य त्या कामात गेले. मोराच्या पिसाऱ्यातला डोळा ते आधी पेन्सिलीने छान गोलाईत काढत आणि मग एकेक चौकोन रंगवून त्या गोलाईच्या पायऱ्या करत, कारण जकार्ड मागाला गोल कळत नाही. धागा वर उचलायचा की खाली ठेवायचा, एवढेच त्याला कळते. मी टॉवेलच्या कारखान्यात तेच काम संगणकावर करतो. त्यामुळे नात्यातल्या आणि गल्लीतल्या लोकांचा असा समज आहे की, संगणकावर चित्र काढणाऱ्याला कोणतेही चित्र दुरुस्त करता येते, आणि डीपी, अर्जाचे फोटो, चटणीच्या पाकिटावरचे चित्र असे सगळे माझ्याकडे येते. या निमित्ताने गेल्या काही वर्षांत जी सॉफ्टवेअर वापरली, त्यांच्याविषयीचे माझे मत येथे लिहितो आहे. पडद्यावरचा फोटो हाही शेवटी ग्राफ पेपरच असतो, आणि डीपी म्हणजे त्यातला फार थोड्या चौकोनांचा तुकडा, ही गोष्ट डोक्यात ठेवूनच मी प्रत्येक सॉफ्टवेअर पाहिले आहे.

सुरुवात माझ्या पुतण्यापासून झाली. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत, तलावाच्या काठी उभे राहून त्याने फोटो काढून घेतला होता: मागे पाणी, पाण्यात मंदिर, बाजूला दिव्यांच्या माळा आणि मधोमध तो स्वतः, पांढऱ्या बाराबंदीत. “काका, डीपीला लावला की मी दिसतच नाही, नुसता ठिपका दिसतो,” अशी त्याची तक्रार होती आणि ती अगदी खरी होती. व्हॉट्सअॅपच्या यादीत डीपी नखाएवढा दिसतो, शिवाय तो गोल कापला जातो. चौरसात बसणारे मोठ्यात मोठे वर्तुळ काढले तरी चौरसाचा सुमारे २१ टक्के भाग बाहेर राहतो, आणि हौसेने ठेवलेल्या गोष्टी नेमक्या त्या चार कोपऱ्यांत असतात. मंदिराचे शिखर एका कोपऱ्यात गेले, दिवे दुसऱ्या कोपऱ्यात गेले, आणि उरले ते पाणी व एक पांढरा ठिपका.

हे काम मी जिम्पमध्ये केले आणि आजही माझी पहिली शिफारस जिम्पचीच आहे. अमेरिकेतील बर्कली येथे शिकणाऱ्या स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली हे सॉफ्टवेअर लिहायला घेतले. ते तेव्हापासून मोफत आहे आणि त्याची संहिता (सोर्स कोड) कोणालाही पाहता येते. कातरण्याचे साधन घेऊन त्याचे प्रमाण एकास एक असे बांधून ठेवले की चौरस हलवता येतो, लहानमोठा करता येतो, पण त्याचा आयत होत नाही. मी पुतण्याचा चेहरा चौरसाच्या जवळजवळ दोन तृतीयांश उंचीत बसवला, मंदिर सोडून दिले आणि मागे फक्त निळसर पाणी राहू दिले. मग चित्राची एक प्रत अवघ्या ६४ चौकोन रुंद आणि ६४ उंच करून पाहिली. डीपी बनवणाऱ्या प्रत्येकाने हे करावे असे मला वाटते, कारण पडद्यावर मोठे करून चित्र पाहत बसले की भुवईचा केसन् केस नीट करण्यात तास जातो आणि ६४ चौकोनांत भुवई म्हणजे दोन-तीन चौकोनांची एक काळी रेघ असते. वडील पिसाऱ्याचा कागद भिंतीला टाचून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहत, त्यातलाच हा प्रकार आहे.

जिम्पवर पूर्वी जो मोठा आक्षेप होता, तो मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० या आवृत्तीने बराच कमी केला. आधी एखादा फिल्टर लावला की तो चित्रात कायमचा मुरत असे. आता तो चित्राच्या थरावर, म्हणजे लेयरवर, वेगळा राहतो आणि आठवड्याने मन बदलले तरी त्याचे आकडे बदलता येतात. आपल्याकडच्या उन्हात काढलेल्या फोटोंना याचा विशेष उपयोग होतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी काढलेल्या फोटोत कपाळ पांढरेफटक आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. अशा वेळी सगळे चित्र उजळ केले तर कपाळ आणखीच जळते. सावल्या आणि उजेड वेगवेगळे हलवणारा फिल्टर जिम्पच्या रंगांच्या यादीत आहे, त्यातून फक्त सावल्या थोड्या वर उचलाव्यात. थोड्या म्हणजे खरोखरच थोड्या, कारण जास्त उचलल्या की चेहरा राखाडी, चुन्याचा हात दिल्यासारखा दिसतो.

तरीही नवशिक्या माणसाला जिम्प पहिल्या दिवशी छळते, हे लपवण्यात अर्थ नाही. सर्वांत जास्त गोंधळ साठवण्यावरून होतो. ‘सेव्ह’ केले की ते स्वतःच्या एक्ससीएफ प्रकारातच साठवते, आणि व्हॉट्सअॅपवर पाठवण्याजोगी जेपीजी किंवा पीएनजी हवी असेल तर ‘एक्स्पोर्ट’ करावे लागते. माझ्या मेहुण्यांनी एकदा लग्नपत्रिकेसाठीचा फोटो तासभर बसून साफ केला, साठवला, आणि मग तो फोनवर उघडेना म्हणून सगळे पुसून टाकले. वास्तविक ही व्यवस्था शहाणपणाची आहे. एक्ससीएफ फाईल म्हणजे आपला ग्राफ पेपर, थर सुटे असलेला; जेपीजी म्हणजे विणून बाहेर पडलेली चादर. चादर उसवून नक्षी बदलता येत नाही. जेपीजी चित्राचे आठ बाय आठ चौकोनांचे तुकडे पाडून त्यातला बारीक तपशील गाळते आणि प्रत्येक वेळी नव्याने साठवताना पुन्हा गाळते. दहा जणांच्या फोनमधून फिरून आलेल्या फोटोत अक्षरांभोवती जो कचरा दिसतो तो यातूनच येतो. म्हणून मूळ फोटो मागवताना तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, असे मी प्रत्येकाला सांगतो.

अर्जांच्या फोटोंसाठी मात्र हेच एक्स्पोर्ट फार कामाला येते. सात रस्त्याकडे किंवा नव्या पेठेत परीक्षेचे अर्ज भरून देणाऱ्या दुकानांत मुलांची जी धांदल उडते ती बहुतेक वेळा फोटोच्या वजनावरून असते. बँकांच्या भरतीची परीक्षा घेणारी आयबीपीएस ही संस्था २०० बाय २३० पिक्सेलचा (पिक्सेल म्हणजे आपले तेच चौकोन), २० ते ५० केबीचा फोटो मागते, आणि सहीसाठी १४० बाय ६० पिक्सेल, १० ते २० केबी अशी मर्यादा असते. जिम्पमध्ये जेपीजी बाहेर काढताना पूर्वदृश्याची (प्रिव्ह्यूची) खूण केली की दर्जाची पट्टी सरकवताना फाईलचे वजन तिथल्या तिथे बदलताना दिसते. अंदाजपंचे चार वेळा साठवून पाहावे लागत नाही. छापायचा पासपोर्ट आकाराचा फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा असतो, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर सुमारे ४१३ बाय ५३१ पिक्सेल. एवढा हिशेब एकदा कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवला की काम भागते.

आता अक्षरांविषयी, कारण माझ्या मते मराठी माणसाने सॉफ्टवेअर निवडताना पहिली परीक्षा याचीच घ्यावी. मी कोणत्याही नव्या सॉफ्टवेअरमध्ये सर्वप्रथम ‘सिद्धेश्वर’ हा शब्द लिहून पाहतो. त्यात पहिली वेलांटी आहे, द्ध आहे, श्व आहे; म्हणजे देवनागरीची निम्मी अवघड वळणे एका शब्दात येतात आणि सोलापूरकराला तो शब्द चुकलेला लगेच डोळ्यांत खुपतो. ज्या सॉफ्टवेअरला आपली लिपी जुळवता येत नाही त्यात वेलांटी स च्या पुढे जाऊन बसते आणि द च्या खाली मोडका पाय लोंबतो. यानंतर ‘कुऱ्हाड’ लिहावे, म्हणजे र चा तो चंद्रकोरीसारखा अर्धा आकार नीट येतो का ते कळते. जिम्प या दोन्हींत उत्तीर्ण होते. इतकेच नव्हे, तर मजकुराच्या साधनात भाषा निवडण्याची सोय आहे आणि तेथे मराठी ठेवले की, ज्या फॉन्टमध्ये तशी व्यवस्था केलेली असेल त्यात, ल आणि श हे हिंदी वळणाचे न येता आपल्या वळणाचे येतात. शाळेत गिरवलेला ल पडद्यावर दिसल्याचा आनंद छोटा असला तरी मला तो महत्त्वाचा वाटतो.

फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत मात्र मजकुराच्या सेटिंगमध्ये जाऊन दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय मुद्दाम निवडावा लागे, आणि हे ठाऊक नसल्यामुळे कित्येकांनी ‘फोटोशॉपला मराठी येत नाही’ असे ठरवून टाकले. आपल्या डीटीपीवाल्यांनी यावर तोडगा म्हणून युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची आजची सामायिक सांकेतिक पद्धत, येण्यापूर्वीचे फॉन्ट धरून ठेवले. त्यांत पडद्यावर मराठी दिसते खरे, पण आत इंग्रजी अक्षरांचीच सांकेतिक जुळणी असते. म्हणूनच घरी युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर दुकानात नेला की ‘हा आमच्यात चालत नाही, पुन्हा टाइप करावा लागेल’ असे ऐकून घ्यावे लागते आणि पुन्हा टाइप करताना आडनाव हमखास चुकते. यावरचा माझा उपाय सोपा आहे: दुकानात मजकूर न देता तयार चित्र द्यावे, तेही मोठ्या आकाराचे पीएनजी.

आपल्या शहरात आणखी एक गरज असते. आमच्या शेजारच्या अक्कांचे घर पद्मशाली, बोलणे घरात तेलुगू, बाजारात मराठी, आणि सून अक्कलकोटकडची, तिचे माहेर कन्नड बोलणारे. त्यांच्या शेंगा चटणीच्या व्यवसायासाठी गोल चित्र करून हवे होते आणि नाव तिन्ही लिप्यांत हवे होते. हे काम मी इंकस्केपमध्ये केले. इंकस्केप २००३ सालापासूनचे, तेही मोफत. ते चौकोनांऐवजी रेषांच्या गणितावर चालते, त्यामुळे तेच चित्र डीपीसाठी नखाएवढे आणि दुकानावरच्या फलकासाठी चार फूट करता येते, कडा फुटत नाहीत. फॉन्टसाठी ‘एक टाइप’ या मुंबईच्या संस्थेचे ‘बलू’ हे कुटुंब घेतले, कारण त्यात देवनागरी, तेलुगू आणि कन्नड तिन्ही अक्षरे एकाच जाडीची, एकाच गुबगुबीत स्वभावाची आहेत. वर्तुळाच्या मध्यभागी उखळ-मुसळ ठेवले, खाली नाव. अक्कांनी चित्र पाहून एवढेच विचारले, “ह्यात चटणी तिखट वाटती का?” तेव्हा लाल रंग दोन छटा गडद केला.

लोक त्या चार फुटांचा विचार फोटोबाबत करत नाहीत. वाढदिवसाचा ‘डिजिटल’ छापायचा असला, म्हणजे इतर गावांत ज्याला फ्लेक्स म्हणतात तो, की कार्यकर्ते नेत्याचा डीपी उतरवून घेऊन येतात. पाचशे पिक्सेलचा डीपी चार फूट रुंद छापला तर इंचाला जेमतेम दहा चौकोन येतात. चेहऱ्याची चक्क चादर होते. फोनने काढलेला चार हजार पिक्सेलचा मूळ फोटो मिळाला तर तेच प्रमाण इंचाला ८३ वर जाते आणि चौकातल्या डिजिटलला तेवढे पुरते. कोणतेही सॉफ्टवेअर या हिशेबापलीकडे जाऊ शकत नाही. मोठे करून देणारी नवी यंत्रे मधले चौकोन मनाने भरतात, आणि माणसाच्या चेहऱ्याबाबत ‘मनाने’ ही गोष्ट मला धोक्याची वाटते.

ज्यांना फोटोऐवजी हाताने काढलेला चेहरा डीपीला लावायचा आहे त्यांनी कृता हे चित्रे काढण्याचे सॉफ्टवेअर पाहावे. त्याचे ब्रश अतिशय चांगले आहेत आणि हात थरथरत असला तरी रेघ सरळ धरून ठेवणारी सोय त्यात आहे. माझ्या पुतणीने साध्या पेन टॅबलेटवर तिच्या आजीचे, नाकात नथ असलेले चित्र त्यात काढले आणि ते साऱ्या घराच्या कौतुकाचा विषय झाले. फोटो दुरुस्त करण्यासाठी मात्र ते मी घेणार नाही.

स्वतःचा संगणक नसेल तर फोटोपीया हा उत्तम मार्ग आहे. इव्हान कुत्सकिर या एका माणसाने उभे केलेले हे सॉफ्टवेअर ब्राउझरमध्येच चालते, फोटोशॉपची पीएसडी फाईल उघडते, जिम्पची एक्ससीएफही उघडते, आणि विशेष म्हणजे फोटो कोठल्या दूरच्या यंत्रावर न जाता समोरच्याच संगणकावर राहतो. उजव्या बाजूला जाहिराती असतात, त्या सहन कराव्या लागतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत किंवा सायबर कॅफेत, जेथे काही बसवण्याची परवानगी नसते, तेथे याला तोड नाही. फक्त काम झाल्यावर त्या संगणकावर उतरवलेला आपला फोटो पुसून उठावे.

तयार साच्यांवरून चित्रे करून देणाऱ्या कॅनव्हाविषयी माझे मत दुहेरी आहे. संक्रांतीची शुभेच्छा किंवा बचत गटाची सूचना दहा मिनिटांत करायची असेल तर ते सोयीचे आहे आणि मराठीही नीट चालते. पण पार्श्वभूमी एका कळीत काढून टाकण्याची जी सोय सर्वांना हवी असते ती सशुल्क योजनेत आहे, आणि तयार साच्यांमुळे सगळ्या गावाच्या शुभेच्छा एकसारख्या दिसू लागल्या आहेत. याच कंपनीने २०२४ साली अफिनिटी हे फोटो आणि चित्रांचे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी घेतली आणि ऑक्टोबर २०२५ पासून अफिनिटी मोफत केले; त्यासाठी कॅनव्हाचे खाते मात्र लागते. साधन दमदार आहे. तरी पैसे न घेता दिलेली खाजगी कंपनीची वस्तू पुढे किती काळ तशीच राहील, या शंकेमुळे मी माझ्या मूळ फाईली त्यात ठेवत नाही.

फोनवर मी स्नॅपसीडच्या पलीकडे जात नाही. ते गुगलचे आहे, मोफत आहे, जाहिराती नाहीत. बोट ठेवून फक्त चेहऱ्यापुरता उजेड वाढवता येतो आणि गालावरचा डाग किंवा मागच्या भिंतीवरची तार पुसता येते. इतर चकचकीत अॅपांचा मला आलेला अनुभव वाईट आहे. अशाच एकाने तीन दिवस फुकट म्हणून माझ्या पत्नीकडून कार्डाचा क्रमांक घेतला आणि चौथ्या दिवशी वर्षाचे पैसे कापले. त्याहून मोठा राग मला त्याच्या ‘सुंदर करा’ या कळीचा आहे, कारण ती दाबली की आमच्या घरातले सगळे सावळे चेहरे एकजात गोरे झाले. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाचा रंग हा दोष म्हणून पुसून टाकणारे सॉफ्टवेअर मी पुन्हा बसवले नाही. अर्जावर असा फोटो लावला तर परीक्षेच्या दारात ओळख पटवताना अडचण होईल, ती वेगळीच.

सप्टेंबर २०२५ मध्ये गुगलच्या जेमिनी या एआयकडून साडीतले फोटो करून घेण्याची जी लाट आली, तीत आमच्याही घरातल्या तीन जणी वाहून गेल्या. चित्रे सुरेख आली होती, साडीच्या निऱ्याही नीट पडल्या होत्या, पण थोरल्या वहिनींच्या हनुवटीवरचे गोंदण गायब झाले होते आणि त्यांच्या आईला फोटो दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, “ही कोण?” गंमत म्हणून हे ठीक आहे. स्वतःचा चेहरा, आणि विशेषतः लहान मुलांचा, परक्या यंत्राकडे पाठवण्यापूर्वी दोनदा विचार करावा, आणि ओळख पटावी म्हणून लावायच्या चित्रासाठी तर हा मार्ग घेऊच नये.

फोटोशॉपविषयी थोडक्यात. १९९० साली आलेले हे सॉफ्टवेअर आजही सर्वांत समर्थ आहे, केस आणि पदराची किनार कापून काढण्यात त्याचा हात धरणारे मोफत साधन मी पाहिलेले नाही, आणि छपाईच्या चार रंगांचे काम तेथे सुरळीत होते. पण २०१३ पासून त्याच्या नव्या आवृत्त्या भाड्यानेच मिळतात. लग्नाचे फोटो काढणाऱ्याला किंवा रोज छपाईचे काम करणाऱ्याला ते भाडे परवडते. वर्षाला चार डीपी आणि सहा अर्ज करणाऱ्याला नाही. बाजारात क्रॅक केलेली प्रत शे-दोनशे रुपयांत बसवून देणारे असतात. मीही एकदा एका दुकानातून तसा संगणक भरून आणला होता आणि आठव्या दिवशी त्यातल्या साऱ्या फाईली कुलूपबंद झाल्या. त्यात वडिलांच्या ग्राफ पेपरचे मी स्कॅन करून ठेवलेले ४० कागद होते. मूळ कागद कपाटात होते म्हणून वाचलो. ते पुन्हा स्कॅन केले, यावेळी जिम्पमधून, आणि त्यातलाच मोराच्या पिसाऱ्यातला एक डोळा, चौकोनांच्या पायऱ्यांसकट, सध्या माझा डीपी आहे.